पाऊस पडला नाही, यात सरकारचा काय दोष?

नागपूरच्या उत्तरेला, कोलार आणि कन्हान या नद्यांच्या संगमाजवळ खापरखेडा आहे. तेथील औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दुरूनच दिसतात. कोळसा जळला की राख उरते. ती पाण्यात कालवून नळांतून नेतात आणि मातीचे बांध घालून केलेल्या मोठ्या तळ्यांत सोडतात. १६ जुलै २०२२ रोजी, जोरदार पावसानंतर, शेजारच्या कोराडी वीज केंद्राचा खसाळा येथील असा एक राखेचा बंधारा फुटला. राखेचे पाणी शेतांत, नाल्यांत आणि पुढे कोलार नदीत गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी आम्ही खापरखेड्यात विज्ञानशिक्षकांच्या एका लहानशा बैठकीला गेलो होतो. विषय साधा होता: शाळेत पर्जन्यमापक कसा बसवावा. पण पावसाचे बोलणे निघाले की बंधाऱ्याचे बोलणे निघणारच. एक गुरुजी म्हणाले, "आता पाऊसच एवढा आला, त्याला कोण काय करणार?" त्यावर एक बाई म्हणाल्या, "पाऊस तर दरवर्षीच येतो सर. बांध घालताना त्याचा विचार करायला नको का?" मागे बसलेल्या दहावीतल्या एका मुलीने विचारले, "मग सरकारचा दोष किती टक्के धरायचा?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. परतीच्या वाटेवर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. भूकंप, महापूर, अवर्षण, साथीचे रोग ही सरकारने आणलेली संकटे नव्हेत. मग त्यांच्यासाठी सरकारला दोष देणे हा अन्याय आहे का? की "निसर्गापुढे इलाज नाही" ही केवळ एक सोयीची सबब आहे?

प्रयोगशाळेत असा पेच पडला तर आम्ही काय करतो? परिणामामागे दोन कारणे असतील तर एक कारण स्थिर ठेवतो, दुसरे बदलतो आणि परिणाम किती बदलला ते पाहतो. इतिहासात असा प्रयोग करता येत नाही. पण कधीकधी इतिहासच आपल्यापुढे प्रयोगासारखी परिस्थिती मांडून ठेवतो. निसर्गाचा तडाखा जवळपास सारखा आणि सरकारचे वागणे मात्र वेगळे, अशी उदाहरणे सापडतात. त्यांतली काही तर नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांतातलीच आहेत.

एकच अधिकारी, दोन दुष्काळ

नागपुरात हिस्लॉप महाविद्यालय आहे. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते त्या स्टीफन हिस्लॉप यांनी या प्रदेशातील आदिवासींविषयी केलेली टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली प्रसिद्ध झाली. ती संपादित करणारे रिचर्ड टेंपल हे तेव्हा मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते. पुढे या टेंपल साहेबांच्या वाट्याला दोन दुष्काळ आले.

पहिला १८७३-७४ सालचा बिहारचा. पाऊस कमी झाला आणि भाताचे पीक गेले. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी मदतीचे काम टेंपल यांच्याकडे सोपवले. टेंपल यांनी हात आखडता घेतला नाही. ब्रह्मदेशातून साडेचार लाख टनांहून अधिक तांदूळ आणला गेला. कामे निघाली. ज्यांना काम करणे शक्य नव्हते त्यांना फुकट धान्य मिळाले. भूकबळी नाममात्र झाले. खर्च मात्र सहा कोटी रुपयांहून अधिक झाला आणि शेवटी बरेच धान्य उरले. लोक वाचले म्हणून टेंपल यांचे कौतुक व्हायला हवे होते. झाले उलटेच! सरकारी पैसा उधळला म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली.

दोनच वर्षांनी, १८७६ साली, दख्खनेत आणि मद्रास इलाख्यात पाऊस गेला. नवे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी पाहणीसाठी टेंपल यांनाच पाठवले, पण या वेळी आदेश काटकसरीचा होता. टेंपल यांनी मागचा 'डाग' धुऊन काढायचे मनावर घेतले. दुष्काळी कामावर दिवसभर राबणाऱ्या पुरुषाची मजुरी एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य आणि वर एक आणा अशी ठरली. बायकांना आणि मुलांना त्याहून कमी. हीच ती कुप्रसिद्ध 'टेंपल मजुरी'. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी दाखवून दिले, की तुरुंगातल्या कैद्यालाही याहून जास्त अन्न मिळते. शरीरश्रमाला किती ऊर्जा लागते याचे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते, हे खरे. पण तुरुंगाचे तक्ते सरकारच्याच कपाटात होते.

मुंबई इलाख्यात मजुरांनी ही मजुरी नाकारली आणि ते कामावरून निघून गेले. पुण्याची सार्वजनिक सभा तेव्हा सहा-सात वर्षांची होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आणि त्यांचे सहकारी यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मिळवून ती सरकारकडे पाठवण्याचा सपाटा लावला. उपाशी माणसांची नोंद सरकारी कागदाबाहेरही होऊ लागली, हे त्या दुष्काळातले एक नवे पाऊल होते. १८७६ ते १८७८ या काळात ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली, असा अंदाज आहे.

दोन्ही दुष्काळ सारखे होते असे आमचे म्हणणे नाही. दुसरा फार मोठा होता, आणि १८७७ सालीही पावसाने दगा दिला. तरी एवढे दिसते, की 'इलाज नव्हता' हे विधान खरे नाही. इलाज माहीत होता. त्याच माणसाने तो दोन वर्षांपूर्वी करून दाखवला होता. फरक ज्ञानाचा नव्हता. जीव वाचवण्याला किती पैसे मोजायचे, या हिशेबाचा होता.

एकच प्रांत, तीन वर्षांचे अंतर

त्या महाभयंकर दुष्काळानंतर सरकारने रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाचा अहवाल १८८० साली आला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाली. फॅमिन कोड म्हणतात ती हीच. टंचाई कशी ओळखावी, कामे केव्हा सुरू करावीत, मजुरी किती द्यावी, अपंग-वृद्धांना काय द्यावे, हे सारे तीत लिहून ठेवलेले होते. आता दुष्काळ आला तर काय करायचे हे शोधत बसण्याची गरज उरली नव्हती.

मध्य प्रांतात या संहितेची परीक्षा लवकरच झाली. १८९३ पासून उत्तरेकडच्या जिल्ह्यांत गव्हाची पिके लागोपाठ बिघडत होती. अवेळी पाऊस पडे आणि पिकावर तांबेरा येई. शेतकरी आधीच कर्जात होता. १८९६ साली ऑगस्टच्या अखेरीस पाऊस एकाएकी थांबला तो थांबलाच. भात गेला, रब्बीची पेरणी नीट झाली नाही. प्रांतात रेल्वे होती. मुंबईकडून येणारी गाडी १८६७ सालीच नागपूरला पोचली होती आणि बंगाल-नागपूर रेल्वेही १८९१ पासून धावत होती. म्हणजे धान्य आणण्याचे साधन होते, नियमांचे पुस्तक होते, अधिकारीही होते.

तरीही मदत उशिरा पोचली. टंचाई आहे, पण दुष्काळ म्हणण्याइतकी आहे का, यात मोलाचे महिने गेले. डोंगराळ भागातील आदिवासी घरदार सोडून दूरच्या कामांवर यायला बिचकत. ते आले नाहीत याचा अर्थ त्यांना गरज नाही, असा लावला गेला. आले तेव्हा त्यांच्या अंगात कामाची ताकद उरली नव्हती. १८९७ साली मध्य प्रांतातला मृत्युदर दर हजारी सुमारे ६९ झाला. तो एरवीच्या जवळपास दुप्पट होता. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगानेही मध्य प्रांताच्या कारभारातील ही दिरंगाई नोंदवली.

मग १८९९ साल उजाडले. या वर्षीचा मान्सून देशाच्या ज्ञात इतिहासातील सर्वांत वाईट मान्सूनांपैकी एक आहे. देशभराची सरासरी काढली तर पाऊस साधारण एक चतुर्थांशाने कमी पडला. मध्य प्रांतात पिकांची हानी १८९६ पेक्षाही मोठी होती. मागच्या फटक्यातून लोक सावरलेलेही नव्हते. तेव्हा या वेळी मृत्यू अधिक व्हायला हवे होते.

तसे झाले नाही. चीफ कमिशनर अँड्र्यू फ्रेझर यांच्या कारभारात कामे लवकर सुरू झाली. शेतसारा तहकूब झाला, जंगले लोकांना खुली झाली. मुख्य म्हणजे काम करू न शकणाऱ्यांसाठी, विशेषतः मुलांसाठी, गावोगाव शिजवलेल्या अन्नाची व्यवस्था केली गेली. जुलै १९०० मध्ये साडेबावीस लाखांच्या आसपास, म्हणजे प्रांतातील दर शंभरातील सुमारे तेवीस माणसे सरकारी मदतीवर होती. १८९७ साली याच्या जवळपासही आकडा गेला नव्हता. १९०० सालीही मृत्यू पुष्कळ झाले, त्यांत पटकीचा वाटा मोठा होता. पण अवर्षण अधिक तीव्र असूनही मृत्युदर १८९७ च्या खाली राहिला. त्याच सुमारास शेजारच्या मुंबई इलाख्यातील गुजरातेत, जिथे या दुष्काळाची 'छप्पनिया' ही आठवण अजून पुसलेली नाही, फार मोठी प्राणहानी झाली.

येथे शास्त्रज्ञाच्या सवयीप्रमाणे एक शंका आम्हीच काढतो. सर्वांत दुबळी माणसे १८९७ मध्ये आधीच गेली असतील, म्हणून १९०० साली मृत्युदर कमी दिसला असेल, असे कोणी म्हणू शकेल. या शंकेत तथ्य आहे, आणि म्हणून सगळे श्रेय मदतकार्याला देता येणार नाही. पण जी माणसे वाचली तीही तीन वर्षांत खंगलेली होती, गुरे मेली होती, घरातली भांडी विकली गेली होती. तेव्हा ही शंका श्रेय थोडे कमी करते, पुसून टाकत नाही. १८९१ ते १९०१ या दशकात प्रांताची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी आठ टक्क्यांहून अधिक घटली. दोन दुष्काळांची एकत्रित किंमत ती हीच.

चुकलेला अंदाज आणि न चुकलेली मदत

१८९९ च्या गोष्टीला आणखी एक बाजू आहे आणि ती विज्ञानाच्या शिक्षकांना विशेष रस वाटेल अशी आहे.

भारतीय हवामान खाते १८७५ साली सुरू झाले. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फ आणि पुढचा मान्सून यांचा संबंध जोडला: बर्फ जास्त तर पाऊस कमी. १८८६ पासून मान्सूनचे दीर्घ मुदतीचे अंदाज अधिकृतपणे निघू लागले. त्यांच्यानंतर आलेल्या जॉन एलियट यांनी आणखी घटक मिळवून अंदाज अधिक विस्ताराने द्यायला सुरुवात केली. १८९९ साली त्यांनी सरासरीहून चांगल्या पावसाचा अंदाज दिला, आणि त्या शतकातला एक भीषण दुष्काळ पडला!

एलियट यांना दोष द्यायचा का? आमच्या मते नाही. त्यांना ज्याची कल्पना नव्हती ते कारण हजारो मैल दूर, प्रशांत महासागरात होते. एलियट यांच्यानंतर १९०४ साली गिल्बर्ट वॉकर या खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी जगभरच्या वायुदाबाच्या नोंदी पिंजून काढल्या आणि १९२० च्या दशकात 'दक्षिणी आंदोलना'ची कल्पना मांडली. प्रशांत महासागराच्या एका टोकाला दाब वाढला की दुसऱ्या टोकाला, हिंदी महासागराच्या बाजूला, तो घटतो, आणि पुन्हा उलट. ही झोकांडी आणि पेरूच्या किनाऱ्याजवळ समुद्राचे पाणी तापण्याची 'एल निनो' ही घटना एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे याकोब ब्येर्कनेस यांनी १९६९ साली दाखवले. १८७७, १८९९ आणि १९७२ ही तिन्ही एल निनोची वर्षे होती. तरीही आजदेखील हा संबंध शाळेच्या सूत्रासारखा लावता येत नाही. १९९७ साली एल निनो अत्यंत प्रबळ होता आणि भारतात पाऊस मात्र सरासरीइतका झाला.

मग अंदाज चुकूनही १८९९ साली मध्य प्रांतात मदत वेळेवर कशी पोचली? याचे उत्तर दुष्काळ संहितेच्या रचनेत आहे. ती भाकितावर उभी नव्हती, खुणांवर उभी होती. बाजारात धान्याचा भाव चढतोय का? कामाच्या शोधात लोक गाव सोडून भटकू लागलेत का? धान्याच्या लहानसहान चोऱ्या वाढल्यात का? कमी मजुरीची 'कसोटीची कामे' काढली तर त्यांवर गर्दी होते का? या खुणा तलाठ्याला, कोतवालाला, पोलिसाला दिसतात. त्या ओळखायला समुद्राचे तापमान माहीत असावे लागत नाही. उद्या काय होणार हे सांगता आले नाही तरी आज काय होते आहे हे पाहता येते, आणि बहुतेक जीव तेवढ्यानेही वाचतात.

खुणा पाहणारे डोळे मिटले तर मात्र पुस्तक कपाटातच राहते. १९४३ साली बंगालमध्ये लाखो लोक मरत असताना तेथील सरकारने या संहितेनुसार दुष्काळ जाहीर केलाच नाही.

जिथे हात खरोखर बांधलेले होते

एवढे वाचून कोणी म्हणेल, की म्हणजे प्रत्येक संकटात सरकारच दोषी. तसे नाही. याच प्रांतातले उलट बाजूचे उदाहरणही पाहिले पाहिजे.

१९१८ च्या शरदात इन्फ्लुएंझाची दुसरी लाट मुंबईहून रेल्वेच्या मार्गाने देशभर पसरली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा सर्वाधिक फटका बसलेल्या प्रदेशांपैकी एक होता. देशभरात सव्वा ते पावणेदोन कोटींच्या दरम्यान माणसे मेली असावीत, असे अंदाज आहेत. हा रोग विषाणूमुळे होतो हेच तेव्हा ठाऊक नव्हते. माणसातील इन्फ्लुएंझाचा विषाणू १९३३ साली वेगळा करता आला. लस नव्हती. त्यानंतर होणाऱ्या न्यूमोनियावर प्रतिजैविके नव्हती. अमेरिका आणि इंग्लंडसारख्या देशांतही लाखो लोक गेले. तेव्हा साथ का आली आणि औषध का दिले नाही, यासाठी नागपूरच्या किंवा कोणत्याही सरकारला दोष देणे रास्त नाही.

पण इथेही हिशेब शून्यावर संपत नाही. १९१८ साली मान्सूनही फसला होता. धान्य महाग झाले होते. अर्धपोटी माणूस आजारातून उठत नाही, हे त्या काळच्या डॉक्टरांना पुरेपूर ठाऊक होते. दवाखाने आणि डॉक्टर शहरांत होते, खेड्यांत औषध तर सोडाच, पाणी पाजायला धडधाकट माणूस मिळत नव्हता. विषाणू सरकारच्या हाताबाहेर होता. पन्नास वर्षांत खेड्यांत किती दवाखाने काढले, हे मात्र हाताबाहेरचे नव्हते. म्हणजे एकाच संकटात काही भाग निर्दोष आणि काही भाग सदोष असू शकतो. दोन्ही वेगळे काढून दाखवणे हेच तर आपले काम.

बहात्तरचा दुष्काळ

खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत राज्याच्या सगळ्या भागांतून आलेली कुटुंबे राहतात. मराठवाड्यातल्या किंवा नगर-सोलापूरकडच्या घरात आजीआजोबा असतील तर 'बहात्तर' एवढेच म्हणून पाहावे. लाल मिलो ज्वारीची भाकरी, मुलांना मिळणारी सुकडी, उन्हात फोडलेली खडी, पाझर तलावाच्या मातीच्या पाट्या अशा आठवणी बाहेर पडू लागतात.

महाराष्ट्रात १९७० पासूनच पाऊस कमी होत होता. १९७२ साली तो फारच कमी झाला. त्या वर्षीही देशभराचा मान्सून सरासरीहून साधारण एक चतुर्थांशाने खाली होता, म्हणजे १८९९ च्या आसपास. मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात विहिरी आटल्या आणि लागोपाठ पिके गेली. तेव्हा मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. राज्याने दुष्काळी कामे इतक्या मोठ्या प्रमाणावर काढली, की मे १९७३ च्या सुमारास पन्नास लाखांच्या घरात माणसे त्यांवर होती. रस्ते, नालाबांध, पाझर तलाव, विहिरी अशी ती कामे होती. धान्य रेशन दुकानांतून आले, त्यात परदेशातून आणलेली मिलोही होती.

हे सारे गोड होते असे नाही. मजुरी हातात पडायला उशीर होई, गुरे फार मेली, अनेक घरे कायमची शहरांकडे गेली, लहान मुलांचे हाल झाले. मृत्युदर काही प्रमाणात वाढल्याचे अभ्यासक सांगतात. पण १८७७ किंवा १८९७ सारखे लाखोंनी मृत्यू झाले नाहीत. निसर्गाने टाकलेला तडाखा जुनाच होता, त्याचा परिणाम मात्र पूर्वीसारखा झाला नाही.

याचे श्रेय एकट्या सरकारचे नाही. शंभर वर्षांत रस्ते झाले होते, देवीची लस घरोघर पोचली होती, जगाच्या बाजारात धान्य मिळत होते. आणि एक मोठा फरक असा, की लोक आता गप्प बसणार नव्हते. कामाच्या मागणीसाठी तहसील कचेऱ्यांवर मोर्चे जात होते, वर्तमानपत्रे रोज लिहीत होती, विधिमंडळात प्रश्न विचारले जात होते. दुष्काळात मेलेली माणसे मतदार होती, हे १९७२ सालचे सरकार विसरू शकत नव्हते. १८७७ सालच्या सरकारला ती काळजी नव्हती. सार्वजनिक सभेचे अर्ज वाचायचे की नाही हे त्याच्या मर्जीवर होते. स्वतंत्र वर्तमानपत्रे आणि निवडणुका असलेल्या देशात मोठे भूकबळीचे दुष्काळ पडत नाहीत, असे अमर्त्य सेन म्हणतात ते याच अर्थाने.

या संकटातून एक टिकाऊ गोष्ट निघाली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेली रोजगार हमी योजना राज्याने १९७२ साली स्वीकारली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ग्रामीण भागात अंगमेहनतीचे काम मागणाऱ्याला ते मिळण्याचा हक्क कायद्याने मिळाला. मदत ही साहेबाची मेहेरबानी राहिली नाही, ती मागता येऊ लागली. आणि जे मागता येते ते न मिळाल्यास दोषही देता येतो.

दोष कशाचा?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत येऊ. दोष किती टक्के?

टक्के काढण्याचे सूत्र आमच्यापाशी नाही. पण कोठे मोजायचे हे या उदाहरणांतून सापडते. घटना आणि तिचा परिणाम यांच्यामध्ये जे अंतर आहे तिथे मोजायचे. पाऊस न पडणे ही घटना. माणसे मरणे हा परिणाम. या दोहोंच्या मध्ये भाव, मजुरी, रस्ते, अन्न, दवाखाने, नियम आणि ते पाळणारी माणसे असतात. घटनेसाठी सरकारला जाब विचारणे व्यर्थ आहे. मधल्या जागेसाठी जाब विचारणे हा आपला हक्क आहे.

तो विचारताना चार गोष्टी पाहाव्यात. त्या वेळी काय ठाऊक होते? एलियट यांना एल निनो ठाऊक नव्हता, म्हणून ते सुटतात. कैद्यांचा शिधा टेंपल यांना समजू शकत होता, म्हणून ते सुटत नाहीत. हाताशी साधने काय होती? १९१८ ला औषध नव्हते, १८९६ ला रेल्वे होती. पाऊल वेळेवर टाकले का? १८९७ आणि १९०० यांतला फरक मुख्यतः इथे आहे. आणि चौथी गोष्ट, मागच्या संकटातून शिकले का? पहिल्या वेळची चूक अज्ञानाची असू शकते. तीच चूक लेखी नियम कपाटात असताना दुसऱ्यांदा झाली, तर अज्ञानाची सबब चालत नाही. यावरून असेही निघते, की विज्ञान जसजसे वाढते तसतशी सरकारची जबाबदारी वाढत जाते. काल जे दैव होते ते आज दुर्लक्ष ठरू शकते.

दोष देताना आपणही एक पथ्य पाळले पाहिजे. बिहारमध्ये जीव वाचवणाऱ्या टेंपल यांना उधळपट्टीसाठी झोडपले गेले आणि पुढच्या वेळी त्यांनी हात आखडला. जे संकट टळले ते दिसत नाही, त्यावर झालेला खर्च मात्र दिसतो. पुराच्या इशाऱ्यानंतर गाव हलवले आणि पूर आलाच नाही, तर "उगाच धावपळ केली" म्हणणारे आपणच असतो. सावधगिरीला दोष देणारा समाज पुढच्या वेळी बेसावध सरकार मिळवतो.

वर्गात काय करता येईल?

हा विषय आठवी ते बारावीच्या वर्गांत इतिहास, भूगोल आणि विज्ञान या तिन्ही तासांना घेता येईल. मुलांना घरातल्या वडीलधाऱ्यांकडून एका संकटाची हकीकत लिहून आणायला सांगावी. बहात्तरचा दुष्काळ, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २०२० ची कोरोनाची साथ किंवा गावातला एखादा पूर, काहीही चालेल. मग फळ्यावर तीन रकाने आखावेत: 'हाताबाहेरचे', 'तेव्हा ठाऊक नसलेले' आणि 'करता येण्याजोगे'. प्रत्येक तपशील कोणत्या रकान्यात टाकायचा यावर मुलांना वाद घालू द्यावा. शिक्षकांनी घाईने निवाडा देऊ नये. किल्लारीचा भूकंप पहिल्या रकान्यात जाईल. पण जड दगड-मातीच्या भिंतींखाली माणसे दबली, हे कोठे टाकायचे? तिथे वर्ग अडेल, आणि खरा अभ्यास तिथून सुरू होईल.

खापरखेड्याच्या त्या शाळेत आता पर्जन्यमापक बसला आहे. मुले सकाळी साडेआठला पाणी मोजून वहीत लिहितात. त्या मुलीने वहीत पावसाच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना आखला आहे. त्यात ती गावाजवळच्या नाल्याचे पाणी पुलाच्या कोणत्या दगडापर्यंत आले ते लिहिते. "नुसता पाऊस किती पडला ते लिहून काय उपयोग सर," ती आम्हाला म्हणाली, "पाणी कुठवर आलं ते पण पाहायला पाहिजे ना?"